युद्ध नसताना युद्धाचा कायदा: हद्दपारी, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय

शत्रुराष्ट्राच्या नागरिकांविषयीचा अमेरिकेचा कायदा, म्हणजे ‘एलियन एनिमीज ॲक्ट’, ६ जुलै १७९८ रोजी अस्तित्वात आला. तो स्त्रियांनाही लागू करणारी १९१८ ची दुरुस्ती सोडली, तर आजही तो तिथे बहुतांशी जसाच्या तसा लागू आहे. अमेरिकेचे एखाद्या परकीय राष्ट्राशी वा सरकारशी युद्ध जाहीर झाले असेल, किंवा अशा राष्ट्राने वा सरकारने अमेरिकेच्या भूमीवर आक्रमण अथवा लुटारू स्वारी केली असेल, तसा प्रयत्न केला असेल किंवा तशी धमकी दिली असेल, आणि राष्ट्राध्यक्षांनी तशी जाहीर उद्घोषणा केली असेल, तर त्या राष्ट्राच्या चौदा वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या नागरिकांना पकडण्याचा, डांबून ठेवण्याचा आणि देशाबाहेर काढण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळतो. त्यासाठी त्या माणसावर गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, गुन्ह्याचा आरोपसुद्धा लागत नाही. तो कुठल्या देशाचा आहे एवढेच पुरते. १८१२ चे युद्ध, पहिले महायुद्ध आणि दुसरे महायुद्ध अशा तीन प्रसंगी हा कायदा वापरला गेला. चौथा प्रसंग मार्च २०२५ मधला. या वेळी अमेरिकेचे कोणाशीही युद्ध जाहीर झालेले नव्हते.

मी कोल्हापुरात वकिली करते. अमेरिकेतले खटले माझ्या कामाचा भाग नाहीत, पण हे प्रकरण मी गेले वर्षभर निकालपत्रे मिळवून वाचते आहे, आणि त्यावर सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. आमच्या गल्लीतले आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांचा नातू टेक्सासमध्ये शिकतो. बातम्या पाहून त्यांनी मला विचारले, “वकीलबाई, लढाईच न्हाई तर लढाईचा कायदा लावला कसा? आणि कोर्ट काय करतंय मग?” नातवाची काळजी करू नका, भारतीय नागरिकांना ही उद्घोषणा लागू नाही, आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलेले लष्करी विमान हे तिथल्या नेहमीच्या स्थलांतर कायद्याखालचे होते, असे मी त्यांना सांगितले. पण त्यांनी विचारलेले दोन्ही प्रश्न नेमके होते. अमेरिकेतील न्यायाधीश गेले वर्षभर त्याच दोन प्रश्नांशी झुंजत आहेत.

घटनाक्रम थोडक्यात असा आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १४ मार्च २०२५ रोजी उद्घोषणेवर सही केली आणि ती दुसऱ्या दिवशी जाहीर झाली. ‘त्रेन दे अराग्वा’ ही व्हेनेझुएलातील गुन्हेगारी टोळी तिथल्या सरकारशी संगनमत करून अमेरिकेवर आक्रमण करत आहे, सबब या टोळीचे सदस्य असलेले व्हेनेझुएलाचे नागरिक शत्रू समजून हद्दपार करावेत, असा तिचा आशय होता. १५ मार्चला वॉशिंग्टनमधील न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी हद्दपारीला मनाई केली आणि विमाने परत फिरवण्यास सांगितले. विमाने फिरली नाहीत. ती एल साल्वादोरला पोहोचली आणि माणसे तिथल्या ‘सेकोत’ नावाच्या महाकाय तुरुंगात गेली. त्यांतील १३७ जणांना या १७९८ च्या कायद्याखाली नेण्यात आले होते. ७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बोसबर्ग यांचा मनाई हुकूम उठवला. अशा माणसांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली कोठडी कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा, अर्ज करावा आणि तो जिथे कोठडी आहे तिथल्या न्यायालयातच करावा, असे बहुमताने सांगितले. मात्र हद्दपारीपूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, यावर नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते.

राष्ट्राध्यक्षांच्या युद्धविषयक अधिकाराला न्यायालय आवर घालू शकते का, या प्रश्नाचे माझ्या मते दोन निरनिराळे भाग आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की सरकारी बाजूचे काम सोपे होते. पहिला भाग माणसाचा: हा माणूस शत्रुराष्ट्राचा आहे का, टोळीचा आहे का, हे त्याला बाहेर काढण्यापूर्वी कोणी तपासायचे? दुसरा भाग अटीचा: कायद्याने घातलेली युद्धाची किंवा आक्रमणाची अट पुरी झाली आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? पहिल्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठाम उत्तर दिले. दुसऱ्यावर त्या निर्णयांत त्याने मत दिलेले नाही. दुसरा प्रश्न टांगून ठेवला तर पहिल्याचे उत्तर फार काळ टिकणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि हे लिहिण्याचे कारणही तेच आहे.

आधी माणसाचा भाग. माझ्याकडे तडीपारीच्या नोटिसा नेहमी येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली एखाद्याला जिल्ह्यातून जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी बाहेर घालवता येते. पण त्याआधी कलम ५९ प्रमाणे त्याच्याविरुद्धच्या महत्त्वाच्या आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवावे लागते. ही नोटीस पाहण्यासारखी असते. वर जावक क्रमांक आणि तारीख, मग गुन्ह्यांचा तक्ता, त्यात पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, लावलेली कलमे आणि खटला प्रलंबित आहे की सुटला आहे याची नोंद. त्याखाली भीतीपोटी उघडपणे पुढे न आलेल्या साक्षीदारांच्या जबाबांचा गोषवारा. आणि शेवटी अमुक दिवशी अमुक वाजता हजर राहून म्हणणे मांडावे, ही सूचना. त्या माणसाला लेखी खुलासा देता येतो, वकील देता येतो, साक्षीदार तपासून घेता येतात. आदेश झालाच तर त्यावर राज्य सरकारकडे अपील करता येते. ज्याच्या नावाने पेठेतली दुकाने लवकर बंद होतात अशा माणसालाही कोल्हापुरातून सांगलीपलीकडे पाठवण्यासाठी हा सगळा सोपस्कार करावा लागतो, आणि नोटीस मोघम असेल किंवा नोटिशीत नसलेल्या गोष्टी आदेशात आल्या असतील तर उच्च न्यायालय असा आदेश रद्द करते.

याच्या शेजारी अमेरिकी सरकारने मार्च २०२५ मध्ये वापरलेला छापील नमुना ठेवून पाहा. त्याचा क्रमांक एईए-२१बी. त्यात त्या माणसाला टोळीचा सदस्य आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवल्याचे लिहिले होते, आणि या नोटिशीविरुद्ध सुनावणीचा, अपिलाचा किंवा न्यायालयीन पुनर्विलोकनाचा हक्क तुम्हाला नाही, असेही त्यातच छापलेले होते. सदस्यत्व कसे ठरवायचे यासाठी अधिकाऱ्यांना गुणांचा तक्ता दिला होता. टोळीशी निष्ठा दाखवणारे गोंदण असेल तर ४ गुण. टोळीच्या खुणा किंवा तसा पेहराव असेल तर ४ गुण. एकूण ८ भरले की सदस्यत्व पक्के. केवळ अशा खुणांवरून गुण भरत असतील तर वरिष्ठांचा आणि खात्याच्या विधी शाखेचा सल्ला घ्यावा, अशी सूचना तक्त्यात होती, हेही सांगितले पाहिजे. पण तो वरिष्ठ त्याच खात्यातला आणि ती विधी शाखाही त्याच खात्याची. ज्याच्या दंडावरचे गोंदण त्याच्या आईच्या नावाचे आहे की टोळीचे, हे बाहेरचा कोणीही पाहणार नव्हता. आणि नंतर चूक कळली तरी तो माणूस तोवर दुसऱ्या सार्वभौम देशाच्या तुरुंगात असणार होता, जिथे आपला हुकूम चालत नाही असे सरकारी वकील न्यायालयात सांगत होते. त्या तुरुंगातील व्हेनेझुएलाचे नागरिक जुलै २०२५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत मायदेशी गेले, म्हणजे चार महिन्यांनी.

म्हणून १६ मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्याची पार्श्वभूमी अशी: दक्षिण टेक्साससारख्या काही न्यायालयीन जिल्ह्यांतील न्यायालयांनी मनाई केल्यावर, जिथे मनाई नव्हती अशा उत्तर टेक्सासमधील अँसन गावच्या ‘ब्लूबॉनेट’ या कोठडीत व्हेनेझुएलाच्या नागरिकांना एकत्र आणण्यात आले. तिथे त्यांना नोटिसा वाटण्यात आल्या आणि बसगाड्या विमानतळाच्या दिशेने निघाल्याच्या बातम्या आल्या. १९ एप्रिलला मध्यरात्र उलटून गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने पुढील आदेशापर्यंत यांना देशाबाहेर नेऊ नये असे फर्मावले. मे महिन्यात सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने स्पष्ट केले की अवघे चोवीस तास आधी दिलेली आणि दाद कशी मागायची याविषयी काहीच न सांगणारी नोटीस पुरेशी नाही. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी भिन्नमत नोंदवले. राष्ट्राध्यक्षांचे युद्धविषयक अधिकार कितीही विशाल मानले तरी वेळ त्यांच्या ताब्यात नाही, एवढे या निर्णयाने पक्के झाले. विमान सुटण्यापूर्वी न्यायाधीशाने कागद पाहायचे, आणि विमान त्यासाठी थांबायचे.

वेळेबरोबर जागेचाही प्रश्न येतो, आणि तो कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ७ एप्रिलच्या निर्णयाने दाद मागण्याची जागा कोठडीच्या जागेला बांधली. आणि कोठडी कुठे असावी हे तर सरकार ठरवते. न्यूयॉर्कमध्ये पकडलेला माणूस रातोरात टेक्सासमध्ये हलवता येतो. तिथे त्याचा वकील नसतो, नातेवाईक नसतात आणि न्यायाधीश कोणता मिळेल हेही त्या हलवण्यावर अवलंबून राहते. आमच्या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांनी उच्च न्यायालयासाठी मुंबईच्या वाऱ्या केल्या. कोल्हापूरपासून ते अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर, सावंतवाडीच्या माणसाला त्याहून जास्त. बेंचच्या मागणीसाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी दशकानुदशके आंदोलने केली, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले. कागदावरचा हक्क आणि दारात असलेले न्यायालय यांत किती फरक असतो, हे आम्ही सोसले आहे. त्यामुळे दाद जरूर मागा, पण आम्ही नेऊ तिथे मागा, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही; आणि त्या निर्णयातील चार न्यायमूर्तींचे भिन्नमत मला बहुमतापेक्षा अधिक पटते.

आता अटीचा भाग. सरकारी बाजूचा युक्तिवाद हलका नाही आणि तो नीट मांडला पाहिजे. आक्रमण होत आहे की नाही हे गुप्तवार्तेवरून, राजनैतिक पत्रव्यवहारावरून आणि लष्करी अंदाजावरून कळते. न्यायाधीशाकडे यांतले काहीही नसते, आणि तो चुकला तर त्याची किंमत देश मोजतो, न्यायाधीश निवडणुकीत मोजत नाही. या युक्तिवादाला १९४८ च्या ‘लुडेके विरुद्ध वॉटकिन्स’ या निकालाचा आधार आहे. कर्ट लुडेके हा नाझी पक्षाचा जुना कार्यकर्ता, पुढे हिटलरशी बिनसल्याने छळछावणीत गेलेला आणि तिथून निसटलेला जर्मन. जर्मनीने शरणागती पत्करून तीन वर्षे झाली होती, तरी त्याला याच कायद्याखाली हद्दपार करता येते, कारण युद्ध संपले की नाही हे ठरवणे हा राजकीय प्रश्न आहे, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचे होते. पण त्याच निकालपत्रात एक गोष्ट उघडी ठेवलेली आहे, जी सरकारी वकील सहसा मोठ्याने वाचत नाहीत: कायद्याचा अर्थ काय, तो घटनेला धरून आहे का आणि समोरचा माणूस खरोखर शत्रुराष्ट्राचा नागरिक आहे का, हे न्यायालयाला तपासता येते. शिवाय लुडेकेच्या वेळी युद्ध रीतसर जाहीर झालेले होते. ते संपले का, एवढाच वाद होता. युद्ध सुरू तरी झाले आहे का, हा २०२५ चा प्रश्न तिथे नव्हताच.

या मुद्द्यावर मला सर्वांत पटणारा पुरावा १७९८ चाच आहे. त्याच उन्हाळ्यात, फ्रान्सशी युद्ध पेटेल या भीतीने, राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या कारकिर्दीत त्याच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या विधिमंडळाने, आणखी एक कायदा केला होता: शांततेच्या काळातही राष्ट्राध्यक्षांना धोकादायक वाटेल तो कोणत्याही देशाचा परकीय नागरिक बाहेर काढण्याचा. त्यावर पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन आणि मॅडिसन यांनी जोरदार विरोध उभा केला. तो कायदा मुळातच दोन वर्षांच्या मुदतीचा होता. मुदत संपली आणि त्याला कोणीही मुदतवाढ दिली नाही. म्हणजे युद्धकाळासाठी एक कायदा आणि शांततेसाठी दुसरा, असे विधिमंडळाने स्वतःच दोन कप्पे केले आणि दुसरा कप्पा १८०० मध्ये बंद झाला. युद्धाच्या कायद्यातली अट राष्ट्राध्यक्षांच्या शब्दावर पुरी होते असे मानले, तर तो बंद झालेला कायदा मागच्या दाराने पुन्हा जिवंत होतो. हे करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, आणि राष्ट्राध्यक्षांना तो नाही हे सांगण्यासाठी न्यायाधीशाला एकही गुप्त कागद वाचावा लागत नाही.

टेक्सासमधील संघीय न्यायाधीश फर्नांडो रॉड्रिग्ज यांनी १ मे २०२५ रोजी नेमके हेच केले, आणि त्यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली आहे. उद्घोषणेत सांगितलेली वस्तुस्थिती त्यांनी खरी धरली, आणि ती खरी धरूनही कायद्यातल्या अर्थाने आक्रमण किंवा लुटारू स्वारी होत नाही, असा निष्कर्ष काढला. पेनसिल्व्हेनियातील न्यायाधीश स्टेफनी हेन्स यांनी उलट निर्णय दिला: उद्घोषणा वैध आहे, पण नोटीस २१ दिवसांची आणि इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही भाषांतून हवी. २ सप्टेंबर २०२५ रोजी पाचव्या विभागीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने रॉड्रिग्ज यांच्यासारखीच भूमिका घेतली. एखाद्या देशाने आपल्या लोकांना बेकायदा घुसण्यास प्रोत्साहन देणे हे सशस्त्र, संघटित फौज पाठवण्याच्या बरोबरीचे होत नाही, असे तिथे बहुमताने म्हटले. न्यायाधीश ओल्डहॅम यांनी विस्तृत भिन्नमतात राष्ट्राध्यक्षांची उद्घोषणाच अंतिम मानली. त्यानंतर त्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने प्रकरण पुन्हा ऐकायला घेतले, म्हणून सप्टेंबरचा निकाल बाजूला पडला. दरम्यान, अमेरिकेच्याच गुप्तवार्ता परिषदेचा एप्रिल २०२५ मधला अहवाल उघड झाला. व्हेनेझुएलाचे सरकार या टोळीला चालवत नसावे, असा त्याचा अंदाज होता. न्यायालयाकडे माहिती नसते हा युक्तिवाद ज्या माहितीच्या जोरावर केला जातो, ती माहितीच उद्घोषणेच्या विरुद्ध बोलत होती.

आक्रमण ठरवण्याचा अधिकार निरंकुश सोडला तर गाडी हद्दपारीपाशी थांबत नाही. आक्रमण किंवा बंड झाले असता बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्कच निलंबित करण्याची तरतूद अमेरिकी घटनेत आहे, आणि तसे करण्याचा विचार चालू असल्याचे राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार स्टीफन मिलर यांनी मे २०२५ मध्ये पत्रकारांना सांगितले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावाचून टिकणार नाही असे मी म्हणते, ते यासाठी. नोटीस आणि सुनावणी ज्या हक्कावर उभी आहे, त्या हक्काची कळसुद्धा ‘आक्रमण’ या त्याच शब्दाशी जोडलेली आहे.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७५ मध्ये ३८ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या उद्घोषणेबाबत राष्ट्रपतींचे समाधान अंतिम आणि निर्णायक ठरवले, आणि कोणत्याही न्यायालयात त्याला आव्हान देण्यास मनाई केली. २८ एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी आणीबाणीत बंदी प्रत्यक्षीकरणाचे दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे उभे राहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते समाधानाचे कवच काढून टाकले, ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणाच्या जागी ‘सशस्त्र बंड’ आणले आणि जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क देणारा अनुच्छेद २१ कोणत्याही आणीबाणीत निलंबित होणार नाही अशी सोय केली. न्यायालयाला आणीबाणीचा आधार तपासता येत नाही, ही व्यवस्था आपण प्रत्यक्ष राबवून पाहिली आणि तीन वर्षांत मोडून काढली. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. चीन युद्धाच्या वेळी २६ ऑक्टोबर १९६२ रोजी लागू केलेली आणीबाणी, लढाई महिन्याभरात थांबली तरी, जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. आणि ३ डिसेंबर १९७१ ची, दोन आठवड्यांच्या युद्धासाठीची आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत राहिली. १९६२ नंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवळी येथे डांबण्यात आले, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आसाम-बंगालमध्ये राहिलेली कुटुंबे होती. युद्ध संपल्याचे ठरवणे सरकारच्या मर्जीवर सोडले की ते किती लांबते, याची ही आपली उदाहरणे आहेत.

युद्धकाळाचा कायदा माणसाकडे पाहत नाही, पासपोर्टकडे पाहतो, हे आमच्या भागानेही पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत रशियाने हाकलून सैबेरियात नेलेली ही माणसे, बहुतांशी बायका आणि मुले. त्यांची आठवण म्हणून कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्तंभ आहे, आणि त्यांच्या छावणीच्या जागी पुढे सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. ही पाहुणचाराची गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे. त्याच वर्षांत पुरंदर आणि सातारा येथे मात्र ब्रिटिश सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसे शत्रुदेशीय म्हणून ठेवली होती, आणि त्यांत हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून पळालेले ज्यूही होते. हिटलरने ज्यांना शत्रू मानले त्यांनाच हिटलरची प्रजा म्हणून तारेमागे ठेवले गेले. एकेकाला समोर उभे करून चार प्रश्न विचारल्याशिवाय हा फरक कळणे शक्य नाही.

भारतीय वाचकाने या विषयात अमेरिकेकडे बोट दाखवून थांबू नये, असे मला कळकळीने वाटते. आपल्या घटनेच्या अनुच्छेद २२(३) प्रमाणे शत्रुदेशीय व्यक्तीला अटकेची कारणे कळण्याचा, वकिलाचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेले जाण्याचा हक्क नाही. २००५ च्या सर्बानंद सोनोवाल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बांगलादेशातून आसाममध्ये होणाऱ्या बेकायदा स्थलांतराला, राज्यांचे रक्षण हे केंद्राचे कर्तव्य मानणाऱ्या अनुच्छेद ३५५ खालील, ‘बाह्य आक्रमण’ म्हटले आणि त्या आधारावर १९८३ चा घुसखोर निर्धारण कायदा रद्द केला. आसामच्या लोकांची वेदना खोटी नाही आणि त्या कायद्यात दोष होते, हे मला मान्य आहे. तरीही अमेरिकेतील अपील न्यायालयाच्या पीठाने राष्ट्राध्यक्षांना जे करू दिले नाही, ते इथे न्यायालयानेच केले, आणि न्यायालयाने एकदा स्थलांतराला आक्रमण म्हटले की पुढच्या सरकारला ते सिद्ध करण्याची गरज उरत नाही. २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील काही मजुरांना मुंबईत पकडून बांगलादेशच्या हद्दीत पाठवण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे निघाल्यावर परत आणावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या विदेशी नागरिक कायद्यातही आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच आहे. हा भार पेलण्यासाठी जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा गावाहून मागवायला दिवस लागतात, आणि नेमके तेवढे दिवस कोठडीतल्या माणसाकडे नसतात.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या बंगाली मजुराला परकीय म्हणून उचलले आणि त्याची बायको माझ्याकडे आली, तर मी भाऊसिंगजी रस्त्यावरच्या बेंचपुढे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करीन. अमेरिकेतला हा घटनाक्रम वाचल्यापासून तिच्यातील मागण्यांचा क्रम माझ्या मनात बदलला आहे. सुटकेची मागणी तिसरी येईल. दुसरी मागणी, त्याला परकीय ठरवण्याचा आधार लेखी आणि त्याला कळणाऱ्या भाषेत द्यावा आणि कागद आणायला पुरेसा अवधी मिळावा, ही असेल. आणि सर्वांत आधी, त्याच दिवशी सकाळी तातडीने उल्लेख करून, मी एवढेच मागेन की याचिकेचा निकाल लागेपर्यंत या माणसाला या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये.